परत मागितलेली ओटी

शैलाताई ही मी पाहिलेली सगळ्यांत भित्री बाई. हे मी तिच्या तोंडावर शंभरदा सांगितलंय आणि तिनं दर वेळी "हो गं, आहेच मी तशी" म्हणून मान डोलावलीय, त्यामुळे लिहायला माझी काही हरकत नाही. सिंगापुरात, बेडोकला आम्हा दोघींचे ब्लॉक समोरासमोर आहेत. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिच्या बांबूवर वाळत घातलेली चादर दिसते. त्या चादरीला गरजेपेक्षा दुप्पट चिमटे असतात, कारण ती उडून खालून जाणाऱ्या कोणाच्या डोक्यावर पडली तर? एकदा एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, तिला खोकल्याची उबळ आली म्हणून मी खडीसाखरेचा खडा पुढे केला. गाडीत खायला बंदी आहे ना. बाईनं तो मुठीत घट्ट धरला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकत राहिली, आणि बुगिसला उतरून स्टेशनाच्या पार बाहेर पडल्यावर तोंडात टाकला. तोवर खोकला थांबलेला होता.

मी तिची टिंगल करते, पण तिच्या भीतीला कारण आहे आणि ते मला ठाऊक आहे. ती मूळची चिंचवडची. नवरा शिरीष इथं नोकरीला आला, त्याच्या मागोमाग ही आली, आणि लेक क्षिप्रा अजून पाळण्यात असताना शिरीषरावांच्या कंपनीनं इथला गाशा गुंडाळला. नोकरी गेली की इथं राहायचा पास रद्द, आणि पास रद्द झाला की महिन्याभरात देश सोडायचा. हिनं भांडी विकली, पाळणा देऊन टाकला, भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा उतरवून ठेवलं. अगदी शेवटच्या आठवड्यात शिरीषरावांना दुसरीकडे काम मिळालं आणि ते राहिले. पण शैलाताईच्या मनातून तो महिना कधी गेलाच नाही. पुढे कायम रहिवासाची परवानगी मिळाली, फ्लॅट झाला, आणि दोन वर्षांपूर्वी दोघं नागरिकही झाले. भारताचा पासपोर्ट परत केला त्या दिवशी मला वाटलं होतं ही रडेल. ती उलट हसत माझ्याकडे आली. "सुलेखा, आता मला जा म्हणणारं कोणी नाही."

आठवड्याभरानं तीच बाई माझ्या दारात उभी. चेहरा पांढराफटक. "अगं, पण आता जा म्हणाले तर जायचं कुठं? तिकडचा तर पासपोर्टच दिला आपण." मी कपाळाला हात लावला.

तर अशा बाईच्या आयुष्यातली इथली पहिली निवडणूक आली ती राष्ट्राध्यक्षाची. इथं मत देणं सक्तीचं असतं. राष्ट्राध्यक्षाच्या हाती रोजचा कारभार नसतो, पण देशाच्या शिलकीची एक किल्ली त्याच्याकडे असते, म्हणून लोक हिरिरीनं बोलतात. आधी दोघंच उभे राहणार असं सगळे धरून चालले होते. एकाचं चिन्ह छत्री. गृहस्थ मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, सगळ्यांच्या ओळखीचे. दुसऱ्याचं कंदील. हे जरा प्रश्न विचारणारे. मी कंदीलवाली. सगळ्या ऑफिसात मी सांगून ठेवलं होतं की या खेपेला कंदील येणार. आणि अगदी अर्ज भरायच्या दिवशी तिसरा उपटला. कुठल्याशा कॉलेजातले निवृत्त मास्तर. चिन्ह नारळ.

माझं डोकं फिरलं. सरळ हिशेब आहे. ज्यांना छत्री नको ती सगळी मतं कंदिलाला जायची. आता त्यातली काही हा नारळ खाणार, आणि छत्री आरामात आत. इथं दुसरी फेरी नसते. ज्याला जास्त मतं तो जिंकला. "निवडून यायची काडीची शक्यता नाही, मग उभं राहायचं कशाला? दुसऱ्याला पाडायला?" मी शैलाताईच्या घरी चहा पिता पिता तावातावानं बोलत होते. शिरीषराव हसत होते. त्यांना अशा वेळी हसायला फार आवडतं.

"सुलेखा, नारळाला मत देणारा माणूस नारळ नसता तर कंदिलालाच गेला असता हे तुला कोणी सांगितलं?" ते म्हणाले. "त्यातले थोडे छत्रीकडे गेले असते. थोड्यांनी कोरी चिठ्ठी टाकली असती. तू सगळ्यांना आपल्या घरचं समजून चालतेस."

"तुम्ही गप्प बसा," मी म्हटलं. "ताई, तू सांग. तू कोणाला?"

शैलाताईनं आधी दार लावलेलं आहे का ते पाहिलं. मग म्हणाली, "त्या मास्तरांचं टीव्हीवरचं भाषण ऐकलंस का? त्यांच्या हातातला कागद थरथरत होता."

"म्हणून?"

"म्हणून काही नाही. घाबरत होते, तरी बोलले सगळं." एवढं बोलून ती कपबशा विसळायला गेली. मी काय ते समजले आणि मनातल्या मनात चरफडले.

आता हळदीकुंकवाचं सांगते. श्रावणातल्या एका शुक्रवारी शैलाताईकडे हळदीकुंकू असतं, वर्षानुवर्षं. मतदान नेमकं त्याच शुक्रवारी आलं. सगळ्या रांगेत उभ्या राहणार, आणि मतदानाच्या दिवशी ब्लॉकमध्ये गर्दी जमवलेली चालते की नाही अशी हिला शंका. म्हणून हिनं हळदीकुंकू गुरुवारवर घेतलं. मतदानाच्या आदल्या दिवशी इथं प्रचार पूर्ण बंद असतो. कूलिंग-ऑफ डे म्हणतात त्याला. सभा नाही, पत्रक नाही, छातीला बिल्लासुद्धा लावायचा नाही. माणसानं शांतपणे विचार करावा म्हणून. शैलाताईनं तो सगळा नियम वाचून काढला होता. "शांततेचा दिवस आहे, म्हणजे आपणही हळू आवाजात करू," म्हणाली. आरती टाळ्या न वाजवता झाली. चपला कॉरिडॉरमध्ये नकोत म्हणून आत बाथरूमपाशी रांगेनं लावल्या. अत्तर लावलं तेही शेजाऱ्यांना वास जाणार नाही इतपत.

आणि मग तिनं आम्हा सगळ्यांच्या ओट्या भरल्या. तांदूळ, खण, हळकुंड, सुपारी, आणि नारळ. लिटिल इंडियातून खास निवडून आणलेले, प्रत्येक नारळ कानाशी हलवून पाणी बघितलेला. शेजारच्या मॅडम लिमलाही दर वर्षी बोलावते, तिलाही दिला. सगळ्यांत मोठा नारळ गार्गीला. गार्गी माझ्याच ब्लॉकमधली, दहाव्या मजल्यावरची, तिशीची पोर, नवरा आयटीत. तिला सातवा चालू होता. याआधी दोनदा दिवस राहून हाती काही लागलं नव्हतं, त्यामुळे या खेपेला ती जिना चढतानाही श्वास मोजून चढायची. शैलाताईनं तिची ओटी भरताना डोळे मिटले आणि कितीतरी वेळ तिच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. गार्गीनं वाकून नमस्कार केला तर हिनं तिला खांद्याला धरून वर उठवलं. "वाकू नकोस गं बाळा. सगळं नीट होणार आहे."

तुम्हाला आत्तापर्यंत कळलं असेल. आम्हाला नाही कळलं. खोलीत एवढ्या बायका, त्यांत चार्टर्ड अकाउंटंट आहेत, बँकेत अख्खे विभाग चालवणाऱ्या आहेत, आणि नारळाला तोंडभर शिव्या देणारी मी स्वतः आहे, पण एकीच्या डोक्यात आलं नाही. ओटीतला नारळ हा आपल्याला नारळ म्हणून दिसतच नाही. तो ओटीत असायचाच असतो. तांदळाकडे बघून कोणी तांदूळ म्हणत नाही तसं.

आम्ही सगळ्या एकदमच निघालो. ब्लॉकच्या खाली, व्हॉइड डेकच्या मोकळ्या जागेत, लिफ्टमधून एकेक जण बाहेर पडली. काठपदराच्या साड्या, नथी, गजरे, आणि प्रत्येकीच्या हातात कुंकू लावलेला नारळ. मागे दिव्याच्या खांबावर मास्तरांचं पोस्टर, त्यावर केवढाला हिरवा नारळ. कोणीतरी फोटो काढला.

मी घरी येऊन साडीची पिन काढते न काढते तोच फोन वाजला. आमच्या ऑफिसातल्या अभयनं कंदीलवाल्यांच्या ग्रुपवर फोटो पाठवला होता. खाली इंग्रजीत ओळ होती: आज कूलिंग-ऑफ डे ना? बेडोकमध्ये नारळाची माणसं नारळ वाटतायत, हे चालतं का? त्याखाली माझ्याच बाजूच्या लोकांची चिडचिड. नारळानं मतं खाल्ली ती अशी. बाहेरून आलेल्यांना नागरिक केलं की असं होतं. यांची तक्रार करा. फोटोच्या मधोमध मी होते, निळी साडी, तोंड उघडं. आणि माझ्या शेजारी, आम्हाला निरोप द्यायला खाली आलेली शैलाताई, गार्गीसाठी खाली धरून आणलेला मोठा नारळ दोन्ही हातांनी तिला देताना.

मी पदर खोचला आणि धावत समोर गेले.

तिला कळलं होतं. क्षिप्राला मैत्रिणीनं फोटो पाठवला होता. शैलाताई स्वयंपाकघरात, वॉशिंग मशीन आणि भिंत यांच्यामधल्या बोळकांडीत स्टुलावर बसली होती. खिडकीतून कोणाला दिसू नये म्हणून. तिचे दात वाजत होते. सिंगापूरच्या उकाड्यात, पंखा बंद, आणि दात वाजतायत. मी आजवर तिच्या भीतीला हसत आले, पण ते बघून मी तिच्यापुढे जमिनीवरच बसले.

"मला काढून टाकतील," ती म्हणाली. "नागरिकत्व काढून घेतात, मी वाचलंय. कायद्यात आहे."

"नारळ दिला म्हणून नाही काढत, ताई."

"निवडणुकीत वस्तू वाटणं हा गुन्हा आहे. आणि आजच्या दिवशी तर... सगळा नियम मी वाचला गं, प्रत्येक ओळ वाचली. नारळ कसा नाही दिसला मला?" ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू मला उत्तर माहीत आहे. "आणि तुला सांगते, मला त्यांनाच मत द्यायचं होतं. कोणी विचारलं तर मी काय सांगू? खोटं बोलू?"

शिरीषरावांनी शांतपणे सुचवलं की आपणच निवडणूकवाल्यांना फोन करून काय झालं ते सांगावं, अर्ध्या तासात मिटेल. शैलाताईनं त्यांच्या हातातला फोन हिसकावला. लग्नाला तीस वर्षं होत आली, तिनं त्यांच्या हातातून कधी वर्तमानपत्रसुद्धा ओढून घेतलेलं मी पाहिलं नव्हतं.

"काय सांगणार? ओटी म्हणजे काय ते त्यांना कसं सांगणार?" मग ती एकदम उठली. "सगळे परत आणते."

"काय परत आणतेस?"

"नारळ. सगळे आपल्याच घरात असले की वाटले असं म्हणता येणार नाही. एकही बाहेर राहता कामा नये."

"ताई, वेड लागलंय का तुला? भरलेली ओटी परत मागतात का कोणी?"

माझा आवाज चढला होता. शिरीषरावांचाही चेहरा उतरला. देवधर्म हसण्यावारी नेणारे ते, पण हे त्यांनाही झेपलं नाही. "शैला, असं नको करू," एवढंच म्हणाले. तिनं ऐकलं नाही. बाजाराची चाकाची पिशवी घेतली आणि निघाली. मी मागोमाग गेले, कारण ती लिफ्टपाशी वर जायचं आणि खाली जायचं, दोन्ही बटणं दाबत होती.

ओट्या घेऊन गेलेल्या बायकांपैकी पहिल्यांदा ऋताकडे गेलो. ती आधी हसली, तिला गंमत वाटली. मग शैलाताईचं तोंड बघून तिनं मुकाट्यानं नारळ आणून दिला. राधिकानं फोडून खोबरं किसायला घेतलं होतं. तिच्याकडून शैलाताईनं करवंट्या मागून घेतल्या, किस डब्यात भरून घेतला. राधिका माझ्याकडे बघत राहिली आणि मी जमिनीकडे. मॅडम लिमनं नारळ आपल्या देव्हाऱ्यात संत्र्यांशेजारी ठेवला होता. तिनं एक प्रश्न विचारला नाही. "घाबरलीस ना, मला दिसतंय. घे, घे लाह," इथल्या बोलीतलं 'लाह' शेवटी लावून म्हणाली, आणि वर दोन संत्रीही दिली. माझ्या ओटीतला नारळही गेला. मी रागानं पिशवीत आदळला.

दहाव्या मजल्यावर मी तिचा हात धरला. "ताई, हिच्याकडे नको. एक राहिला तर राहिला. तिचं काय चाललंय तुला माहीत आहे."

"तोच तर सगळ्यांत मोठा आहे," ती म्हणाली. "फोटोत तोच दिसतोय."

गार्गीनं दार उघडलं. केसांत गजरा तसाच होता. शैलाताईनं सांगायला सुरुवात केली, पण शब्द नीट येईनात. फोटो, पोलीस, नियम, सगळं एकात एक. गार्गी ऐकत होती. मग ती आत गेली. दारातून दिसत होतं, तिनं ओटी देवापुढे ठेवली होती आणि शेजारी निरांजन लावलं होतं. ती हळूच खाली बसली, एक हात पोटाखाली धरून, नारळ उचलला, पुन्हा उठली. उठायला तिला वेळ लागला. मी पुढे होऊ की नको हे ठरवेपर्यंत ती दारात आली आणि दोन्ही हातांनी नारळ पुढे केला.

"खणही देऊ का काकू?" तिनं विचारलं.

"नको, नको. खण राहू दे," शैलाताई घाईघाईनं म्हणाली. तिनं नारळ पिशवीत ठेवला. गार्गीचे हात तसेच पुढे राहिले होते. मग तिनं ते मागे घेतले आणि पोटावर ठेवले. मला त्या क्षणी शैलाताईचा इतका राग आला की मी तिच्याबरोबर लिफ्टनं खाली गेले नाही. जिन्यानं उतरले.

दुसऱ्या दिवशी मात्र मतदानाला मीच तिला घेऊन गेले, नाहीतर ती घराबाहेर पडली नसती आणि न जाणं हाही नियमभंगच. समोरच्या शाळेत केंद्र होतं. रांगेत ती माझ्यामागे उभी होती आणि तिचा श्वास मला मानेवर लागत होता. टेबलापाशी इथं तुमचं नाव आणि यादीतला नंबर मोठ्यांदा वाचतात. तिचं नाव वाचलं तशी ती अशी दचकली की चिठ्ठी देणारी मुलगी म्हणाली, "आंटी, बसता का जरा?" मतपत्रिकेवर छापील क्रमांक असतो. तो मत शोधायला नसतो, खोट्या चिठ्ठ्या घुसू नयेत म्हणून असतो, मत गुप्तच राहतं. हे मी तिला वाटेत दहा वेळा समजावलं होतं. तिचं एकच, "पण क्रमांक असतो ना?"

बाहेर आल्यावर मी विचारलं. विचारू नये हे मला कळतं, पण मी विचारलं.

"नारळाला नाही," ती म्हणाली. "एवढंच सांगते. शिक्का हातात घेतला तेव्हापर्यंत मनात होतं. पण आपल्या ब्लॉकातून नारळाला मत निघालं तर त्यांना वाटेल की मीच."

शनिवारी सकाळी निकाल कळला. छत्री आली. कंदील अगदी थोडक्यात पडला, आणि नारळाला जेवढी मतं मिळाली ती त्या फरकाच्या कितीतरी पट होती. मी भयंकर संतापले. ग्रुपवर तर नुसता जाळ होता. प्रत्येक जण मास्तरांना शिव्या घालत होता, त्यांनी सकाळी दोन ओळींत सगळ्यांचे आभार मानले त्यावरही. आणि मधूनच कोणीतरी तो फोटो पुन्हा टाकायचं. कंदिलाला बेडोकच्या नारळवाल्या बायकांनी पाडलं. मी ग्रुप सोडला. पण फोटो शैलाताईपर्यंत पोचलाच.

आता तिला दुसरी भीती लागली. "सुलेखा, खरंच माझ्यामुळे पडला का गं तो? नारळ बघून कोणाला वाटलं असेल, चला, देऊ यालाच."

"अख्ख्या देशाची निवडणूक तुझ्या ओटीनं फिरली असं तुला वाटतं?"

"फरक किती थोडा आहे बघ ना."

शिरीषरावांनी कागदावर आकडेमोड करून दाखवली, नारळाची मतं अशी गेली असती तर काय आणि तशी गेली असती तर काय. ती मान हलवत होती आणि ऐकत नव्हती. तिनं कुकर लावणं बंद केलं, शिट्टी ऐकून घरात माणूस आहे हे कळेल म्हणून. दाराबाहेर पावलं वाजली की तोंडातला घास तसाच. क्षिप्रा वैतागून म्हणायची, "मा, नोबडी इज कमिंग लाह," आणि मग स्वतःच हळूच दाराच्या भिंगातून बघायची. तिच्याही जिवात ती भीती उतरली होती. त्या घरात तीन माणसं दबकून राहत होती, आणि नारळांची पिशवी देवघराखाली पडून होती. ते खायचे नव्हते, टाकायचे नव्हते, कोणाला द्यायचे तर मुळीच नव्हते.

आणि एक दिवस दुपारी खरंच दोघं आले. मी तिथंच होते. गळ्यात ओळखपत्रं, एकसारखे शर्ट, एक तरुण मुलगा आणि डोक्याला स्कार्फ बांधलेली मलय मुलगी. लोखंडी गेटच्या पलीकडून मुलीनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात शैलाताई आत पळाली. मला वाटलं लपली. ती पिशवी ओढत बाहेर आली, गेट उघडलं, आणि सगळी पिशवी त्यांच्या पायाशी उपडी केली. नारळ गडगडत कॉरिडॉरभर गेले. करवंट्याही.

"सगळे आहेत," ती इंग्रजीत म्हणाली. "एकही बाहेर नाही. मोजून घ्या. मी पुन्हा करणार नाही. आम्हाला दुसरा पासपोर्ट नाही." आणि तिनं हात जोडले.

ती पोरं पटकन एक पाऊल मागे सरली. मुलगा वाकून नारळ गोळा करू लागला. मुलगी फार हळू आवाजात म्हणाली, "आंटी, आम्ही डासांचं बघायला आलोय. डेंगीच्या केसेस निघाल्यात या ब्लॉकमध्ये. कुंड्यांखाली पाणी साचलंय का ते बघायचंय फक्त."

त्यांनी बॅटरीनं कुंड्या पाहिल्या, बाथरूममधली बादली पाहिली, सगळं ठीक आहे म्हणाले. जाताना मुलीनं शैलाताईच्या दंडाला हात लावून पाणी प्या म्हणून सांगितलं. तक्रार कोणी केली होती की नाही, मला आजतागायत माहीत नाही. कोणीही विचारायला आलं नाही. पत्र नाही, फोन नाही, काही नाही. लोक पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कशावर तरी भांडत होते.

ते दोघं गेल्यावर ती सोफ्यावर बसली. मला वाटलं आता रडेल किंवा हसेल, सुटली एकदाची. ती बसल्या जागेवरून नारळ मोजत होती आणि सगळ्यांत मोठ्यापाशी येऊन थांबली. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला. त्या सगळ्या दिवसांत ती घाबरलेली होती, पण आता तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला आधीची भीती बरी वाटली.

"गार्गीची ओटी मी परत घेतली," ती म्हणाली. जणू तिला आत्ता कोणीतरी सांगितलं होतं. "तिला काही झालं तर?"

"काही होत नाही. नारळानं काही होत नाही."

"मग भरली कशाला होती?" तिनं विचारलं.

संध्याकाळच्या आत ती लिटिल इंडियात जाऊन नवा नारळ घेऊन आली. नवा खण, नवे तांदूळ, पाच फळं. आंघोळ करून, साडी नेसून, सगळं ताटात मांडून निघाली. मला म्हणाली चल, एकटीला जमणार नाही. माझा राग तोवर गेला होता, मी गेले.

गार्गीचं आतलं दार उघडंच होतं, बाहेरचं लोखंडी गेट लावलेलं. आत दिवा होता. बेल वाजवल्यावर ती हळूहळू चालत आली, गजांच्या पलीकडे उभी राहिली. पोट आता चांगलंच पुढे आलं होतं. तब्येत चांगली आहे म्हणाली. डॉक्टरांनीही सगळं ठीक आहे सांगितलंय म्हणाली. शैलाताईनं ते ऐकून डोळे मिटले. मग ताट जरा वर धरलं, म्हणजे गार्गीला दिसावं.

"बाळा, तेव्हा मी फार घाबरले होते गं. ओटी भरायला आलेय."

गार्गी ताटाकडे बघत होती. गेटची किल्ली तिच्या हाताजवळच खिळ्याला टांगलेली होती, मला दिसत होती. तिचा आवाज अजिबात चढला नाही. मोठ्यांशी बोलावं तशीच बोलली.

"राहू द्या काकू. परत मागायची वेळ आली तर तुम्हाला पुन्हा एवढ्या वर यावं लागेल."

शैलाताई "बरं" म्हणाली. गार्गीनं आतलं दारही लावलं. शैलाताई ताट धरून तशीच उभी राहिली, आणि मी लिफ्ट बोलावली.